सह्याद्रीच्या पायथ्याची वाइन : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

भारतातील आधुनिक वाइनचा इतिहास सांगताना बहुतेक जण नाशिकपासून सुरुवात करतात. ती जुन्नर तालुक्यातून व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. याच तालुक्यातील नारायणगावात 1980च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रान्समधील पायपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याच्या तांत्रिक साहाय्याने वायनरी उभारली. तिची फेसाळ वाइन ‘उमर खय्याम’ या नावाने परदेशात पोहोचली, तेव्हा नाशिकच्या सुला वायनरीचा जन्मही झालेला नव्हता.

जुन्नर म्हटले की मन नाणेघाटाच्या प्राचीन व्यापारी वाटेकडे जाते, आणि जायलाही हवे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात इटलीची वाइन आहे. नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. मात्र एवढ्यावरून सातवाहनकाळी इथे द्राक्षमद्य तयार होत असे म्हणणे घाईचे ठरेल. हा पुरावा आयातीचा आहे. दोन हजार वर्षांची सलग परंपरा रचण्याचा मोह अभ्यासकाने पहिल्या दिवशीच सोडावा.

खरा विषय वेलीपाशी सुरू होतो. युरोपात थंडीने वेल झोपते आणि वर्षाचा क्रम आपोआप ठरतो. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून बागायतदार कात्रीने तिचे वर्ष घडवतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीत डोळ्याच्या आत सूक्ष्म घड तयार होतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो बाहेर पडतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढणी होते. छाटण्या दोन, पीक एक. गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला की डाउनी रोगाने कोवळे घड हातचे जातात. शार्डोने असो वा शिराझ, परदेशातून आलेल्या प्रत्येक वाणाला हे वेळापत्रक स्वीकारावे लागले.

याची तुलना चीनशी केली तर विषय फार खुलतो. तिथे झांग बिशी यांनी 1892 मध्ये यानताईला चांग्यू ही वायनरी काढली. 1980 मध्ये त्यानजिन इथे फ्रेंच रेमी मार्तांच्या भागीदारीत ‘डायनॅस्टी’ आली. म्हणजे नारायणगावचे आणि चीनचे फ्रेंच गुरू साधारण एकाच काळातले. पण चीनमधल्या निंगश्यात हेलान पर्वताच्या पायथ्याशी हिवाळा इतका कोरडा आणि कडक असतो की वेली दरवर्षी मातीखाली पुरून वसंतात पुन्हा उकरतात. तंत्र फ्रान्समधून घेता आले, वेलीचे वर्ष मात्र दोन्ही देशांना आपापल्या मातीत शिकावे लागले.

अर्थकारणाचा भाग अधिक अवघड आहे. खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगवायचा असतो; त्यासाठी विरळणी आणि जिबरेलिक आम्लाची बुडवणी. वाइनला उलट लहान मणी, जाड साल आणि बेताचे उत्पन्न हवे. खाण्याचा माल एका व्यापाऱ्याने नाकारला तर दुसरा घेतो, नाहीतर बेदाणा होतो. वाइनच्या वाणाला वायनरीखेरीज गिऱ्हाईक जवळजवळ नाही. म्हणूनच 2008च्या जागतिक मंदीनंतर चौगुल्यांची कंपनी कर्जात बुडाली, ही घटना केवळ उद्योगाच्या इतिहासात ठेवून चालणार नाही. ज्याच्या मांडवावर वाइनचे वाण होते, त्याच्याही इतिहासात ती यायला हवी. राज्याचे 2001चे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण, विंचूर आणि पलूसचे वाइन पार्क यांचे मूल्यमापनही याच बाजूने करावे, असे मला वाटते.

मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था इथले वाणांवरचे काम अवश्य वाचावे. पण त्याआधी एखाद्या बागायतदाराकडे जाऊन फवारणीची वही मागावी. छाटणीची तारीख, पावसाचा दिवस, मारलेले औषध, मजुरी, मिळालेला दर असे सारे तिथे एका ओळीत असते. वायनरीशी केलेले जुने करारही कुठे कपाटात असतील. त्यांत साखरेच्या प्रमाणावर दर कसा बांधला होता, हे पाहावे. विरळणी करणाऱ्या बायकांना खाण्याच्या आणि वाइनच्या बागेतल्या कामाचा फरक विचारावा. या वह्या आणि या आठवणी जमवायला हात कमी पडत आहेत, म्हणून हे निमंत्रण.