दिल्लीचे अनुदान आणि आपल्या शहराचा वाटा

मंडळाच्या हिशेबाची वही पुष्कळ वर्षे माझ्याकडे होती. म्हणून संपादिकाबाईंनी ठरवून टाकले की, आपल्या शहराला दिल्लीहून जे पैसे येत गेले त्यांचा इतिहास मीच लिहावयाचा. विषय रुक्ष खरा. पण आपल्या मोरीतला पाण्याचा ड्रम आणि दिल्लीची तिजोरी यांचे नाते आपण समजतो त्यापेक्षा फार जवळचे आहे. तेव्हा भगिनींनी थोडा धीर धरून वाचावे.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समाज विकास योजना सुरू झाली. आरंभी ५५ प्रकल्प होते. खेड्यांचे गट पाडावयाचे, ग्रामसेवक नेमावयाचे, विहिरी, रस्ते, शाळा, बालवाड्या उभ्या करावयाच्या. यात एक गोष्ट मोलाची होती. सरकार काही देई आणि उरलेले गावाने श्रमदानाने, धान्याने किंवा रोख पैशाने घालावे, अशी अपेक्षा असे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५३ मध्ये, दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि बायकांच्या संस्थांना दिल्लीचे अनुदान मिळण्याची सोय झाली. त्या वेळी चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री होते. पतिराज खजिनदार असले म्हणजे काम सोपे होते असे कोणास वाटेल, पण आपणा सर्वांचा घरचा अनुभव काही निराळाच आहे! १९५८ पासून या मंडळाने शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम चालविले. त्यांतून शिकून कित्येक जणी स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

अनुदान म्हणजे काय, हे मी आपल्या शिवणवर्गात शिकले. यंत्रांसाठी पैसे मंजूर झाले, पण आपला वाटा आधी भरल्याखेरीज हप्ता सुटेना. आपण दोन उन्हाळे पापड-कुरडया करून विकल्या आणि तो भरला. यंत्रे आली. मग दोरा, तेल, पट्टा आणि शिक्षिकाबाईंचे मानधन कोठून आणावयाचे, हा प्रश्न दर महिन्यास उभा राहू लागला. शिवाय वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र पाठविले नाही तर पुढचा हप्ता बंद. मोठमोठ्या महापालिकांचे दुखणे याहून फार वेगळे नसते, एवढे मी खात्रीने सांगते.

समाज विकासाची ही योजना खेड्यांसाठी होती. शहरे बराच काळ तिच्या बाहेर राहिली. दिल्लीत १९५८ साली आणि हैदराबादेत १९६७ साली नागरी समाज विकासाचे प्रयोग सुरू झाले. हैदराबादच्या झोपडवस्त्यांत बालवाड्या, शिवणवर्ग, बायकांचे गट असे काम पुष्कळ वर्षे चालले. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे आपल्यातल्या कितीतरी घरांची नाती त्या शहराशी होती आणि तिकडच्या कामाच्या गोष्टी माहेरवाशिणींच्या तोंडून इकडे येत.

आपल्या शहराची महानगरपालिका झाली ८ डिसेंबर १९८२ रोजी. सिडकोच्या वसाहती आणि चिकलठाणा, वाळूजचे कारखाने यांनी गाव बघता बघता वाढले. २००१ च्या जनगणनेत पावणेनऊ लाख लोक होते, ते २०११ मध्ये पावणेबारा लाखांवर गेले. या वाढीबरोबर वस्त्याही वाढल्या. १ डिसेंबर १९९७ रोजी आलेल्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेत शंभरातले ७५ रुपये केंद्राचे आणि २५ राज्याचे असत. वस्तीतल्या किमान दहा जणींनी गट केला तर उद्योगाच्या खर्चाच्या निम्मे, जास्तीत जास्त सव्वा लाख रुपये, अनुदान मिळे. माझे निरीक्षण असे की, ज्यांची भिशी आधीपासून नीट चालत होती त्यांचे गट टिकले. जे केवळ अनुदानासाठी जमले ते हप्ता वाटून घेऊन पांगले.

आता पाण्याकडे येते, कारण खरा जीव तेथे अडकला आहे.

मलिक अंबराने सतराव्या शतकात या गावाला नहरीने पाणी आणले. ते पाणी उताराने येई, त्याला विजेचे बिल नव्हते. पाणचक्की आजही पाहुण्यांना दाखवितो, तेव्हा एवढे अवश्य सांगावे. गाव वाढले तशी जायकवाडीची गरज लागली. धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसविली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्रास अर्पण झाले. तेथून आधी ७०० आणि पुढे १४०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी आली. मात्र हे पाणी पंपाने चढवावे लागते, आणि वीजबिल अनुदानात बसत नाही. शिवणयंत्राच्या तेलासारखेच ते!

३ डिसेंबर २००५ रोजी केंद्राने शहरांसाठी जवाहरलाल नेहरू योजना काढली. मराठवाड्यातून नांदेडचे नाव तीत गेले. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या सुमारास तेथे रस्ते-पूल झालेले आपण पाहिले. आपले शहर त्या यादीत नव्हते. आपल्याला लहान व मध्यम शहरांची जोडयोजना मिळाली. तीत केंद्राचे ८० टक्के, राज्याचे १० आणि पालिकेचे १०. याहून उदार अनुदान क्वचितच मिळते. तिच्यातून समांतर जलवाहिनीला सुमारे ३५९ कोटींची मंजुरी मिळाली. पण एकूण खर्च ७९२ कोटींवर गेला. उरलेली रक्कम पालिकेपाशी नव्हती, म्हणून खासगी कंपनीला वीस वर्षांसाठी पाणीपुरवठा सोपविण्याचे ठरले. २०१४ साली कंपनीने कारभार हाती घेतला आणि २०१६ साली महापालिकेने करार मोडला. मग कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि मोठी जलवाहिनी जागेवरच राहिली. त्या वर्षांत किती जणींनी रात्री दोन वाजता नळाची वाट पाहिली, किती मुलींनी हंडे भरता भरता शाळा बुडविली, याची नोंद कोणत्याही उपयोगिता प्रमाणपत्रात सापडावयाची नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये शहर स्मार्ट सिटीच्या यादीत आले. त्यातून सुरू झालेल्या शहर बसगाड्यांचा बायकांना उपयोग झाला, हे मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. पण बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईचे लक्ष घरच्या नळाकडे असे!

नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० रोजी झाले. तेव्हा खर्च १६८० कोटी होता. पुढे ती केंद्राच्या अमृत योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात घातली गेली आणि आकडा २७४० कोटींवर पोचला. २५०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी, जायकवाडीपासून नक्षत्रवाडीपर्यंत ३९ किलोमीटर. यावेळी पालिकेचा वाटा दहा नव्हे, तीस टक्के, म्हणजे सुमारे ८२२ कोटी. दहा टक्क्यांच्या वेळी जे जमले नाही ते तीस टक्क्यांच्या वेळी कोठून आणावयाचे, हा प्रश्न निघालाच. काम उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली चालले, तरी २०२५ साल उजाडेपर्यंत ते पुरे झाले नव्हते.

२०२२ च्या उन्हाळ्यात पाणी आठ-आठ दिवसांनी येऊ लागले तेव्हा गावात मोर्चे निघाले. त्या वेळी वार्षिक पाणीपट्टी ४०५० रुपयांवरून २०२५ रुपये करण्यात आली. आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्याचे पूर्ण पैसे का द्यावे, हा आपला प्रश्न रास्तच होता. शेजारणी आनंदल्या, मीही आनंदले. पण त्या रात्री जुन्या सवयीने मी कागद घेऊन बसले आणि पाणीपट्टीचे निम्मे झालेले पैसे, पंपाचे वीजबिल आणि पालिकेचा तीस टक्के वाटा एकाखाली एक मांडले. तीन वेळा बेरीज केली. ती जुळली नाही.