सर रिटायर झाले, मैदान नाही झालं



29 ऑगस्ट आला की शाळा-कॉलेजांत मेजर ध्यानचंदांच्या फोटोला हार पडतो. दोन भाषणं होतात, फोटो ग्रुपवर पडतात. 30 तारखेला मैदानावर परत गुरं चरायला मोकळी. म्हणून आज एका क्रीडाशिक्षकाबद्दल जरा लांब लिहितोय. सवडीनं वाचा.

नागराज मंजुळेंचा 'झुंड' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 4 मार्च 2022 ला आला होता. त्यात अमिताभ बच्चन झालेत विजय बोराडे सर. हे पात्र ज्यांच्यावरून घेतलं ते विजय बारसे, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक. पिक्चर पाहिल्यावर लोकांच्या लक्षात अमिताभ राहिला, झोपडपट्टीतली पोरं राहिली, डीजे राहिला. सरांची नोकरी मात्र विसरली गेली. मला बोलायचंय ते त्या नोकरीबद्दलच.

हिस्लॉप हे 1883 चं जुनं कॉलेज. नागपूर-कामठी पट्ट्यात फुटबॉलची आवडही जुनी. अशा कॉलेजात क्रीडाशिक्षकाचं काम काय असतं? जूनमध्ये पोरं निवडायची, सराव घ्यायचा, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला न्यायची. ढाल मिळाली तर ती प्राचार्यांच्या केबिनमधल्या कपाटात जाते. पोरं दोन-तीन वर्षांत पास होऊन निघून जातात, पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून सुरुवात. शेवटी एक दिवस शाल, श्रीफळ आणि सत्कार. इमानदारीनं केलं तर हेसुद्धा काही कमी काम नाही. बारसे सरही तेवढंच करून घरी बसले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं.

2001 साली पावसात त्यांना झोपडपट्टीतली काही पोरं दिसली. बॉल नव्हता म्हणून फुटकी बादली लाथाडत होती. सरांनी त्यांना बॉल दिला. त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट त्यांनी पुढं अनेकदा सांगितलीय: पोरं खेळत असतात तेवढा वेळ ती बाकीच्या वाईट धंद्यांपासून लांब असतात.

आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा. ही पोरं सरांच्या हजेरीपटावर नव्हती. त्यांच्याकडून कॉलेजला ढाल मिळणार नव्हती, सरांना इन्क्रीमेंट मिळणार नव्हतं. तरीसुद्धा एका कॉलेजच्या प्राध्यापकानं आपलं शिकवणं गेटच्या बाहेर नेलं. माझ्या मते त्यांचं खरं काम तिथून सुरू झालं.

मग झोपडपट्टी फुटबॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या. नागपुरात वस्त्यांमधून शंभरावर संघ उतरले. हे जमलं कारण फुटबॉल हा खेळ स्वस्त आहे. बॅट नको, पॅड नको, एका बॉलवर वीस-बावीस पोरं खेळतात. पुढं क्रीडा विकास संस्था, नागपूर या नावाखाली काम उभं राहिलं. जगात ते 'स्लम सॉकर' म्हणून ओळखलं जातं.

2003 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बेघरांचा वर्ल्ड कप सुरू झाला होता. पुढं या संस्थेमार्फत भारताचा संघ तिथं जायला लागला. त्या स्पर्धेचे नियम वेगळे आहेत. एका वेळी एका बाजूला चारच खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन हाफ. सगळ्यात भारी नियम म्हणजे एका खेळाडूला आयुष्यात एकदाच तिथं खेळता येतं. म्हणजे एखादा हिरो पोरगा पकडून दरवर्षी त्याच्या जिवावर फोटो काढून घ्यायची सोयच नाही. दरवर्षी नवीन पोरं घडवावी लागतात.

अखिलेश पॉल त्यातलाच एक. गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला पोरगा. फुटबॉलमुळं त्या वाटेवरून मागं फिरला आणि 2010 ला रिओच्या बेघर वर्ल्ड कपमध्ये भारताचा कॅप्टन झाला. नंतर स्वतः पोरांना शिकवायला लागला. 2014 मध्ये 'सत्यमेव जयते' मध्ये आमिर खानसमोर ही गोष्ट अख्ख्या देशानं ऐकली. 2016 ला स्लम सॉकरला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला.

पुरस्कारांची यादी एवढ्यावरच थांबवतो. कारण मुद्दा रिटायरमेंटचा आहे. रिटायर झाल्यावर सरांनी मिळालेल्या पैशातून नागपूरबाहेर पोरांसाठी जमीन घेतली. मुलगा अभिजीत अमेरिकेत होता, तो परत येऊन याच कामाला लागला. खेळलेली पोरं कोच झाली. म्हणजे सर नोकरीतून गेले तरी मागं जागा राहिली, संस्था राहिली, शिकवणारी माणसं राहिली. त्यामुळंच 2001 ला सुरू झालेलं काम एका माणसाच्या तब्येतीवर टांगून राहिलं नाही.

फुटबॉलनं झोपडपट्टी हटली का? नाही. घर, पाणी, रोजगार ही कामं बॉलनं होत नसतात, ती सरकारची आहेत. पण पोराला शिस्त, सोबती आणि संध्याकाळी जायला एक जागा मिळाली, ही गोष्ट छोटी समजू नका.

आता आपल्याकडं या. नागपूरला जाणारा हायवे आपल्या साक्रीतूनच जातो. पिंपळनेर, कोंडाईबारीकडची पोरं डोंगर चढउतार करतच मोठी होतात. दम त्यांच्यात जन्मजात आहे. पण घरात एक प्रश्न ठरलेला असतो, 'खेळीसन काय भेटस?' आईबापाचा दोष नाही. पोट हातावर असलं की असंच सुचतं. त्याचं उत्तर शाळेनं आणि गावानं द्यायचं असतं.

कायदा आपल्या बाजूनं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं स्पष्ट लिहिलंय. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी किमान अर्धवेळ निदेशक हवा, हेही त्यातच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. म्हणजे विचारायचा हक्क तुमचाच आहे. मग पुढच्या मीटिंगला फक्त पोषण आहारावर बोलून उठू नका. चार प्रश्न विचारा:

1. मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? मोजणी झालीय का?
2. खेळाचे सर रिटायर झाल्यावर त्यांच्या जागी कोण आलं?
3. शाळा सुटल्यावर गेट पोरांसाठी उघडं असतं की कुलूप असतं?
4. शाळा सोडलेल्या पोराला तिथं खेळू देतात का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बारसे सरांची सगळी कहाणी त्या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

आपल्या तालुक्यातही खेळासाठी स्वतःच्या खिशातून खर्च करणारे मास्तर होऊन गेले, आजही आहेत. त्यांना सत्कार आवडेलच. पण ते गेल्यावर पोरं मैदानावर दिसली, तर तो सत्कार जास्त मोठा.

तुमच्या गावच्या शाळेचं मैदान आज कसं आहे, गावाच्या नावासह कमेंटमध्ये लिहा. फोटो असेल तर टाका. राजकारण नको, कुणाला शिव्या नकोत, फक्त मैदानाची स्थिती. यादी तयार झाली की ती घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जाऊ. सोबत यायचं असेल तर तेही सांगा.