सागरस्थिती अंदाज सेवा, हैदराबाद

भारताच्या किनाऱ्यालगतच्या आणि खोल समुद्रातील लाटा, वारा, प्रवाह व भरती-ओहोटी यांचा पुढील काही दिवसांचा अंदाज बंदरे, जहाजे आणि मच्छीमार यांना पुरवणारी शासकीय सेवा. ती भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, चालवते. 1999 साली स्थापन झालेली ही संस्था आज केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत असून तिचे कार्यालय हैदराबादच्या प्रगतीनगर भागात आहे. समुद्र येथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीलाही आपले बंदर दूर मछलीपट्टणला राखावे लागले होते. उपग्रहांकडून येणारी माहिती उतरवून घेणारी आणि तिचा अर्थ लावणारी यंत्रणा मात्र हैदराबादेत आधीपासूनच होती, आणि या कामाला किनाऱ्यापेक्षा तिची गरज अधिक. पुढे ‘इस्रो’चे अध्यक्ष झालेले के. राधाकृष्णन हे इन्कॉइसच्या आरंभीच्या वर्षांत तिचे संचालक होते. 2007 पासून त्सुनामीचा पूर्वइशाराही येथूनच दिला जातो.

समुद्रातील पवनऊर्जेच्या दृष्टीने ही सेवा कळीची आहे. भर समुद्रातील पवनचक्कीची देखभाल करणारे तंत्रज्ञ रोज सकाळी लहान, वेगवान नौकेतून बंदराबाहेर पडतात. नौका आपले रबरी नाक खांबाला टेकवून इंजिनाच्या जोरावर दाबून धरते आणि माणूस शिडीवर पाऊल टाकतो. लाटांची उंची दीड मीटरच्या पुढे गेली की हे पाऊल धोक्याचे होते. त्याहून मोठी सेवाजहाजे आठवडा-दोन आठवडे समुद्रातच राहतात. त्यांच्यावरचा पूल लाटांबरोबर स्वतःला सावरून घेतो, त्यामुळे अडीच-तीन मीटर उंचीच्या लाटांतही काम निभावते. येथे लाटांची उंची म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच असू शकते, हे मुरलेला तांडेल विसरत नाही.

इन्कॉइस वाऱ्याचे अंदाज संगणकीय लाट-प्रारूपांत घालून हे आकडे काढते आणि किनाऱ्यालगत नांगरलेल्या लाटमापक तरंगकांशी ताडून पाहते. त्यांपैकी एक रत्नागिरीला आहे. उंचीइतकेच महत्त्व लाटेच्या आवर्तनकाळाला असते. दक्षिण महासागरातील वादळांत उठलेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर कापून एप्रिल-मे महिन्यांत निरभ्र आकाशाखाली भारतीय किनाऱ्यावर थडकतात. केरळात त्यांना ‘कल्लक्कडल’ म्हणतात. वारा पडलेला पाहून निघालेली नौका पवनचक्कीच्या पायथ्याशी अशा वेळी डोलतच राहते आणि माणसे न उतरवता परत फिरते. लहान नौकांसाठीची स्वतंत्र सूचना-सेवा इन्कॉइसने 2020 मध्ये सुरू केली.

सागरी पवनचक्क्यांना सेवा देणाऱ्या युरोपच्या बंदरांची जशीच्या तशी नक्कल येथे चालणार नाही, याला कारण मोसमी पाऊस. उत्तर समुद्रात वाईट दिवस आणि उघडीप वर्षभर आलटून-पालटून येत राहतात. कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर मात्र जून ते सप्टेंबर उंच लाटा नित्याच्या असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून मगच होड्या लोटतात. पवनचक्क्या नेमक्या याच महिन्यांत सर्वाधिक फिरतील. बिघडल्या तर त्यांच्यापर्यंत पोहोचणे तेव्हाच सर्वाधिक कठीण. खंभातच्या आखातात आणखी एक अडचण आहे. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या घरात जातो आणि प्रवाह अतिशय जोरकस असतात.

तेव्हा बंदराने काय करावे? डेन्मार्कमधील एस्बियर्ग आणि इंग्लंडमधील ग्रिम्सबी या जुन्या मासेमारी बंदरांनी या व्यवसायात जम बसवला, तो केवळ खोल धक्क्यांच्या बळावर नव्हे. भरती असो वा ओहोटी, तंत्रज्ञाला नौकेवर सहज पाऊल ठेवता यावे असा तरंगता धक्का, शेजारीच गोदाम व क्रेन, इंधन-पाण्याची रात्रीही सोय आणि पहाटे न अडवता बाहेर पडण्याची मुभा या साध्या गोष्टींवर अशा बंदराची प्रतिष्ठा ठरते. आपल्या मोठ्या बंदरांत मालवाहू जहाजाला प्राधान्य असते. 1908 च्या बंदर कायद्याने 200 टन व त्याहून मोठ्या जहाजांवर पायलटची सक्ती घातली. महिन्यातून एकदा येणाऱ्या जहाजाला ती योग्यच. वारंवार ये-जा करणाऱ्या सेवाजहाजाच्या परीक्षित कप्तानाला सवलत द्यावी. दर प्रवेशागणिक आकारणीऐवजी मासिक शुल्क ठेवावे. धक्क्याचे वेळापत्रक तर थेट हैदराबादच्या अंदाजाला जोडावे: सहा तासांची उघडीप दिसत असेल, तर त्या पहाटे सेवानौका आधी सुटली पाहिजे.

बंदरातून भर समुद्रातील कामाला रसद पुरवण्याचा देशी अनुभव आपल्याकडे आहे. मुंबईपासून सुमारे 160 किमी. अंतरावरील ‘मुंबई हाय’ तेलक्षेत्रातून 1976 पासून उत्पादन चालू असून तेथील फलाटांना उरणजवळच्या न्हावा तळावरून रसद जाते. त्याच अनुभवात एक जबर धडाही आहे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाचे इशारे काही दिवस आधीपासून मिळत होते. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात राहिलेली ‘पी-305’ ही निवासी बार्ज नांगर तुटून भरकटली व बुडाली. तिच्यावरील 261 जणांपैकी 186 जणांना वाचवण्यात आले. अंदाज हाती असणे आणि त्यावरून जहाज माघारी बोलावण्याचा अधिकार कोणाकडे तरी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारताचे सागरी पवनऊर्जा धोरण 2015 चे. 19 जून 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात व तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॅटसाठी 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यांतले 600 कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. त्याच बैठकीत पालघरच्या वाढवण बंदराला 76,220 कोटी मंजूर झाले. कंटेनरच्या बंदराशी ही तुलना फारशी न्याय्य नाही, पण रकमेचा अंदाज येतो. भौगोलिक सोयीने गुजरातसाठी पीपावाव आणि तमिळनाडूसाठी तुतिकोरिन ही नावे पुढे येतात. 600 कोटींत धक्के मजबूत होतील, क्रेन येतील. पायलटची सवलत, शुल्काची फेरमांडणी आणि अंदाजाप्रमाणे हलणारे वेळापत्रक यांना जवळजवळ खर्च नाही, आणि ते आधी करता येण्यासारखे आहे. भारतीय समुद्रात व्यापारी पवनप्रकल्प अद्याप एकही उभा नाही.