बोदोनी मुद्राक्षर

बोदोनी मुद्राक्षर : जाड उभे दंड व केसासारख्या बारीक रेषा यांतील तीव्र तफावत हे मुख्य लक्षण असलेले रोमन लिपीचे मुद्राक्षरवळण. जांबात्तीस्ता बोदोनी (१७४०–१८१३) या इटालियन मुद्रकाच्या नावावरून ते ओळखले जाते.

बोदोनीचा जन्म पीडमाँटमधील सालूत्सो येथे मुद्रकाच्या घरात झाला. रोममधील कॅथलिक धर्मप्रसार संस्थेच्या मुद्रणालयात त्याने पौर्वात्य भाषांच्या जुळणीचे काम केले. १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने त्याची आपल्या मुद्रणालयाच्या प्रमुखपदी नेमणूक केली. तेथे प्रारंभी तो फूर्न्ये या फ्रेंच मुद्राक्षरकाराचे खिळे वापरी. पुढे त्याने स्वतः मुद्राक्षरे कोरली. इंग्रज मुद्रक जॉन बास्करव्हिल व पॅरिसचे दीदो घराणे यांच्या कार्याचा त्याच्यावर प्रभाव पडला.

जुन्या रोमन वळणांत तिरप्या धरलेल्या लेखणीची खूण दिसते : रेषा हळूहळू जाड होते आणि दंडाच्या टोकाची छोटी आडवी रेषा, म्हणजे सेरिफ, दंडात वळण घेऊन मिसळते. बोदोनीच्या अक्षरांत भाराचा अक्ष सरळ उभा असून सेरिफ बारीक, सपाट व दंडाशी काटकोन करणारे आहेत. लेखणीपेक्षा कोरणीशी नाते सांगणारे हे वळण आहे. त्याच्या बारीक रेषा स्वच्छ उमटण्यास गुळगुळीत कागद, दाट शाई व एकसारखा दाब लागतो. रुंद समास व ओळींतील मोकळी जागा यांमुळे बोदोनीचे ग्रंथ भारदस्त दिसतात. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने १८१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या मान्वाले तिपोग्राफीको या नमुनाग्रंथात नियमितता, स्वच्छता, सुरुची व डौल ही मुद्राक्षरसौंदर्याची चार तत्त्वे सांगितली आहेत.

हेच सौंदर्य वाचनास बाधक ठरते, असा आक्षेपही घेतला गेला. विल्यम मॉरिसने १८९३ मध्ये या वळणाच्या दुर्वाच्यतेवर कठोर टीका केली. लहान आकारात बारीक रेषा पुसट होतात व जाड दंडांचीच रांग डोळ्यांत भरते. बोदोनीने मात्र प्रत्येक आकाराची अक्षरे स्वतंत्रपणे कोरली होती. पुढे एकाच रेखाटनावरून सर्व आकार सिद्ध होऊ लागले, तेव्हा ही सोय उरली नाही.

विसाव्या शतकात या वळणाचे पुनरुज्जीवन झाले. मॉरिस फुलर बेंटन याने अमेरिकेत, तर हाइन्रिख योस्ट याने १९२६ मध्ये जर्मनीत त्याच्या नव्या आवृत्त्या तयार केल्या. १९९४ च्या आयटीसी आवृत्तीत लहान, मध्यम व मोठ्या आकारांसाठी वेगवेगळी रेखाटने करून मूळ दृष्टी काही अंशी परत आणली गेली. ग्रंथांच्या सलग मजकुरापेक्षा शीर्षके, भित्तिपत्रके, जाहिराती व फॅशनविषयक नियतकालिके यांतच या वळणाचा व त्याच्याशी निकटच्या दीदो वळणाचा वापर अधिक होतो. बोदोनीने कोरलेले मूळ ठसे व मातृका पार्मा येथील बोदोनी संग्रहालयात जतन केलेल्या आहेत.