गोठा, चांदणी आणि चिव्याच्या कामट्या

नाताळची सजावट महाग झाली ती अलीकडे. तिच्या मुळाशी आहे जनावरांची एक गव्हाण आणि मूठभर सुकं गवत.

घरोघरी गोठा मांडण्याच्या प्रथेचं मूळ ख्रिस्ती परंपरा १२२३ सालच्या नाताळात सांगते. इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी डोंगरकपारीत गवताने भरलेली गव्हाण ठेवली आणि शेजारी खराखुरा बैल नि गाढव उभं केलं. येशूचा जन्म किती हलाखीत झाला, हे लोकांना डोळ्यांनी पाहता यावं, एवढाच त्यांचा हेतू होता. म्हणजे साधेपणा हाच या सजावटीचा गाभा.

पोर्तुगीज काळात हा सण गोव्यात रुजला. १६१६ मध्ये राचोलला फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं आणि येशूची कथा मराठी ओव्यांतून लोकांच्या कानी पडू लागली. गोव्यालगतच्या सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, कुडाळ भागातल्या ख्रिस्ती घरांमध्येही नाताळला गोठा मांडतात.

गोठ्यावर टांगायची ती चांदणी. गोव्यात तिला नखेत्र म्हणतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना वाट दाखवणारा तारा आहे, तोच हा. त्याला जगभर निरनिराळी रूपं मिळाली. जर्मनीत मोरेव्हियन पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात भूमितीच्या तासाला मुलं कागदाचे अनेक टोकांचे तारे करत. फिलिपिन्समध्ये बांबू आणि कागदाचा पाच टोकांचा ‘पारोल’ दारात लागतो. आपल्या किनाऱ्यावरची चांदणी या पारोलची सख्खी बहीण शोभावी अशी, कारण दोन्हीकडे बांबू परसातच उगवतो.

कर्ली नदीकाठच्या वालावलसारख्या गावात चिव्याचं बेट असणं नवलाचं नाही. चिवा, म्हणजेच माणगा, हा सरळ वाढणारा, बिनकाट्याचा बांबू. त्याच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या काढायच्या आणि हाताला कूस लागू नये म्हणून सुरीने तासायच्या. पाच कामट्यांची एक, अशा दोन सपाट चांदण्या सुतळीने बांधायच्या. मग त्या एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं आवळायची. आतल्या पाच कोपऱ्यांत वीतभर लांबीच्या पाच काड्या आडव्या खोचल्या की चांदणी फुगते आणि तिला पोट येतं. त्यावर मैद्याची खळ लावून पतंगाचा कागद चिकटवायचा. मागची एक बाजू मोकळी ठेवायची, तिथून बल्ब आत जातो. बल्ब एलईडीचा असावा. तो फार तापत नाही, त्यामुळे कागदाला धोका कमी.

हे कसब कोकणाला नवं नाही. चतुर्थीची माटवी बांधणारे आणि दिवाळीचा कंदील करणारे हातच डिसेंबरात ही चांदणी उभी करू शकतात. गोठ्यातल्या हिरव्या शेताचंही तसंच. गोव्याकडे नाताळच्या आठ-दहा दिवस आधी नाचणी पेरून त्याचे कोंब गोठ्याभोवती मांडतात. नवरात्रात घटाखाली रुजवण घालणाऱ्या माणसाला ही रीत वेगळी शिकवावी लागत नाही.

नाताळचं झाड मात्र आपल्या घरांत उशिरा आलं. त्याची चाल जर्मनीची. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं आणि ती इंग्रजी घरांतही पसरली. आपल्या किनाऱ्यावर तिथल्या सूचिपर्णी झाडाची जागा सुरूच्या फांदीने घेतली.

दुकानातला प्लॅस्टिकचा तारा किंवा झाड घेऊ नये असं नाही. पण पैसे कमी आहेत म्हणून सण उणा राहतो, हे मात्र खरं नाही. गवत, नाचणी, चिवा, वाऱ्याने पडलेली सुरूची फांदी, करवंटी आणि माती हे सगळं घरापाशीच मिळतं. विकत आणायचा तो कागद, सुतळी, थोडा मैदा आणि एक बल्ब. यंदा १५ डिसेंबरला नाचणी पेरा आणि कामट्या तासायला मुलांना शेजारी बसवा. हे काम हातात आलं की पुढच्या वर्षी ती स्वतःच चांदणी बांधतील.