पांढऱ्या पेशींना वाट कोण दाखवते?

'जखम झाली की पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात' हे वाक्य आपण वर्गात सहज सांगून जातो. पण पेशींना ना डोळे, ना नाक. मग जखम कुठे आहे हे त्यांना कळते कसे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

१८८२ साली इटलीतील मेसिना येथे रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. या अळीला रक्तवाहिन्या नसतात. म्हणजेच पेशी रक्तातून वाहत आल्या नव्हत्या, स्वतः चालत आल्या होत्या. १८८८ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ लेबर यांनी सुचवले, की दाहाच्या जागेतील रसायने त्यांना ओढून घेत असावीत.

ही ओढ किती सूक्ष्म असते, ते १९७७ मध्ये अमेरिकेत सॅली झिग्मंड यांनी मोजले. पेशीच्या दोन टोकांपाशी रसायनाच्या प्रमाणात जेमतेम एक टक्का फरक असला, तरी न्यूट्रोफिल पेशी योग्य दिशेला वळते. एवढ्याशा फरकावरून पेशी दिशा ठरवते तरी कशी?

या कोड्याचा एक धागा पेशीपटलाच्या आतल्या बाजूला सापडला. पटलावरील ग्राहीला रसायन चिकटले, की 'पीआय-३ कायनेज' नावाचा विकर पटलातील एका मेदरेणूला फॉस्फेट जोडतो. असे रेणू पेशीच्या पुढच्या टोकाला दाटतात. तेथे अ‍ॅक्टिन प्रथिनाचे धागे वाढतात आणि पेशी पाऊल पुढे टाकते. 'पीटेन' हा दुसरा विकर तेच फॉस्फेट काढून टाकतो.

२००० साली तीन संशोधकगटांनी या विकराचा 'गॅमा' प्रकार नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या न्यूट्रोफिल पेशी दाहाच्या जागी फार कमी संख्येने पोहोचल्या. पण हालचाल पूर्ण थांबली नाही. म्हणजे हा वाटाड्या महत्त्वाचा असला, तरी एकटा नाही.

२००५ मध्ये हा विकर रोखल्यावर उंदरांमधील सांध्यांचा दाह कमी झाल्याचे आढळले. येथेच खरा पेच आहे. सांधे सुजवणाऱ्या पेशी आणि जंतूंवर चाल करून जाणाऱ्या पेशी एकाच जातीच्या आहेत. वाटाड्याला अडवले, तर सूज ओसरेल. पण पहाराही ढिला पडू शकेल.

म्हणून यापुढे ते वाक्य सांगून झाले, की क्षणभर थांबून वर्गाला विचारावे, "त्यांना वाट कशी कळली असेल?"