ठगाची कबुली वाचताना

गुन्हेगारीच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं की पहिली अडचण साधनांची. चोराने स्वतः लिहिलेलं क्वचितच हाती लागतं. मिळतं ते बहुतेक त्याच्याविषयी दुसऱ्यांनी लिहिलेलं.

सोळाव्या शतकातलं इंग्लंड बघा. थॉमस हार्मनने भटक्यांवर पुस्तक काढलं आणि त्यात त्यांच्या सांकेतिक बोलीची शब्दयादीच दिली. रॉबर्ट ग्रीनने १५९१-९२ मध्ये लंडनच्या भामट्यांच्या युक्त्या स्वस्त पुस्तिकांमधून उघड केल्या. दोघेही म्हणतात, लोकांना सावध करायचंय. पण वाचकाला त्यात करमणूकही मिळत होती, हे विसरू नका.

आता आपल्याकडे या. १८३६ मध्ये स्लीमनने ठगांच्या बोलीचा कोश छापला, 'रामासीआना'. निजामाच्या फौजेतला अधिकारी मेडोज टेलर याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ ची. हाच टेलर पुढे नळदुर्ग भागाचा कारभार बघत होता. कादंबरीत अमीर अली स्वतःच्या तोंडून सगळं सांगतो. वाचताना वाटतं, हा अस्सल ठगाचा आवाज!

इथेच जरा थांबा. स्लीमनची माहिती मुख्यतः माफीच्या साक्षीदारांकडून आलेली. प्रश्न अधिकाऱ्याचे, भाषांतर इंग्रजीत, आणि उत्तर देणाऱ्याचा जीव त्या उत्तरावर टांगलेला. त्याच १८३६ सालच्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणं एवढंच सिद्ध झालं तरी जन्मठेप होती. म्हणजे अशा साक्षीवर कुणाचंही आयुष्य संपू शकत होतं.

पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवरच शिक्का मारला. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. शिक्का मात्र पुसला गेला नाही. लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (१९८७) वाचा. पाकीटमारी तिथेही आहे, पण सांगणारा घरातला आहे. म्हणून पोटातली भूक आणि पोलिसांचा मार दोन्ही दिसतात, जे ठगांच्या कोशात सापडत नाहीत.

म्हणून साधन हातात घेतलं की तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा: बोलतंय कोण? लिहून घेतंय कोण? यातून कुणाचं काय साधतंय? याची उत्तरं मिळेपर्यंत त्या 'कबुली'ला पुरावा म्हणू नका. ती आधी लिहून घेणाऱ्याबद्दल सांगते, मग ठगाबद्दल.